पहिली मराठी फिल्म, मोठा फेस्टिव्हल आणि ‘ओळख’: नेमकं काय कामी येतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. लालबाग-परळमध्ये शूट केलेली 98 मिनिटांची पहिली मराठी फिल्म, रफ कट (कच्चं संकलन) तयार, पैसे मामांनी घातलेले. सगळे सांगतात की कान, व्हेनिस, बर्लिनला दिग्दर्शकाची ओळख असल्याशिवाय काही होत नाही. अंधेरीतले एक गृहस्थ तीन लाखांत ‘कानला लावून देतो’ म्हणतात. आणि ते होईपर्यंत मामीला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हलला, दाखवून घ्यावी का, असंही तुम्ही विचारलंय.

तीन लाख देऊ नका. कारण पुढे येईलच. मामीबद्दल: बाहेरची उत्तरं येईपर्यंत थांबा. पण या दोन उत्तरांनी तुमचा खरा प्रश्न सुटत नाही. फिल्मचा पहिला जाहीर खेळ एकदाच होतो, तो कुठे व्हावा हा खरा प्रश्न आहे. आणि ज्या दारात तो होईल तिथल्या लोकांना तुमचं काम आधीपासून माहीत आहे का, नसेल तर आता काय करता येईल, हा त्याला जोडलेला दुसरा. यातलं बरंचसं फिल्म कशी झालीय यावर अवलंबून आहे, आणि ती मी पाहिलेली नाही. मामांचे पैसे व्याजाचे आहेत का, रिलीजसाठी कुणाला शब्द दिलाय का, यावरही आहे. तेव्हा हे धरून चाला की मी फक्त रस्ता सांगतोय.

सुरुवात ‘कानला निवड’ या शब्दांपासून करू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. कानमध्ये मे महिन्यात एकाच गावात चार-पाच वेगळी दारं उघडी असतात. एक अधिकृत निवड: त्यात मुख्य स्पर्धा, अं सर्तँ रगार (मुख्य स्पर्धेखालोखालचा स्पर्धा-विभाग), मिडनाइट स्क्रीनिंग, शॉर्ट फिल्मची स्पर्धा आणि फिल्म स्कूलच्या विद्यार्थ्यांसाठीचा ला सिनेफ हा विभाग. दुसरं डायरेक्टर्स फोर्टनाइट, 1969 पासून चालू, त्यांची निवड समिती वेगळी. तिसरं क्रिटिक्स वीक, फक्त पहिल्या आणि दुसऱ्या फिल्मसाठी. या तिन्हीकडे अर्ज वेगळा, बघणारी माणसं वेगळी, आवडनिवड वेगळी. आणि चौथं म्हणजे फिल्म मार्केट. तिथे सभागृह तासांच्या हिशेबाने भाड्याने मिळतं. नोंदणी केली, पैसे भरले, की फिल्म दाखवता येते. निवडीचा प्रश्नच नसतो. ‘लावून देतो’ म्हणणारा माणूस जवळजवळ नेहमी याच चौथ्या दाराबद्दल बोलत असतो. सकाळी साडेनऊला, तीस-चाळीस खुर्च्यांच्या खोलीत खेळ होतो आणि इथल्या पेपरात ‘कानमध्ये झळकली’ असं छापून येतं.

मार्केटला कमी लेखत नाही. आपलं राज्य सरकारही 2016 पासून निवडक मराठी फिल्म तिथल्या मार्केटला पाठवत आलंय, आणि वितरकांना फिल्म दाखवायची असेल तर ती योग्य जागा आहे. पण तिथे बसणारा माणूस खरेदीदार असतो. तुम्हाला प्रोग्रामर हवा असेल, म्हणजे फेस्टिव्हलसाठी फिल्म निवडणारा माणूस, तर त्याच्यासाठी मार्केटचा खेळ घेऊन उपयोग नाही. म्हणून ‘कोणता फेस्टिव्हल’ ऐवजी ‘कोणता सेक्शन’ असा विचार करायची सवय लावून घ्या. तुमच्यासारख्या पहिल्या फिल्मसाठी कानचा क्रिटिक्स वीक, व्हेनिसचा ओरिझोन्ती, बर्लिनचा 2025 पासून सुरू झालेला पर्स्पेक्टिव्हज, रॉटरडॅमची टायगर स्पर्धा, लोकार्नोचा पहिल्या-दुसऱ्या फिल्मचा विभाग ही खरी दारं आहेत. रितेश बत्रा यांची ‘द लंचबॉक्स’ 2013 साली क्रिटिक्स वीकमध्येच दाखवली गेली. 2014 साली चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला व्हेनिसला ओरिझोन्तीत सर्वोत्कृष्ट फिल्मचं आणि शिवाय पदार्पणाचं पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ला बर्लिनच्या जनरेशन विभागात मुलांच्या ज्युरीने क्रिस्टल बेअर दिलं. अकरा वर्षांच्या मुलाची गोष्ट मुलांच्या ज्युरीपुढे गेली, म्हणजे फिल्म अगदी नेमक्या जागी पोचली होती. हीच फिल्म मुख्य स्पर्धेसाठी हट्टाने अडवून धरली असती तर ती कुठे असती, याचा विचार करून बघा.

आता ओळख. दिग्दर्शक आणि मोठा फेस्टिव्हल यांच्यात नातं असतं हे खरं आहे, पण ते फोन करून जमवलेलं नसतं. प्रोग्रामर तुमचं मागचं काम लक्षात ठेवतो, एवढाच त्याचा अर्थ. पायल कपाडिया यांचा प्रवास पाहा. 2017 साली पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेची विद्यार्थिनी म्हणून शॉर्ट फिल्म कानच्या विद्यार्थी विभागात गेली. 2021 साली पहिली पूर्ण लांबीची फिल्म डायरेक्टर्स फोर्टनाइटमध्ये, तिला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं पारितोषिक. 2024 साली ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ मुख्य स्पर्धेत आणि ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक. त्याआधी तीस वर्षं, म्हणजे 1994 च्या ‘स्वहम’नंतर, भारतीय फिल्म त्या स्पर्धेत नव्हती. ही सात वर्षांत चढलेली पायरीपायरीची वाट आहे, आणि मधल्या काळात 2018 साली त्यांची एक शॉर्ट बर्लिनलाही गेलीय. म्हणजे एकाच दाराशी बांधून घेतलेलं नाही.

नीरज घेवान यांच्या दोन्ही लांबीच्या फिल्म, 2015 ची ‘मसान’ आणि 2025 ची ‘होमबाउंड’, दहा वर्षांच्या अंतराने अं सर्तँ रगारमध्येच गेल्या. अनुराग कश्यप फोर्टनाइटमध्ये 2012, 2013 आणि 2016 साली होते. ताम्हाणे यांची दुसरी फिल्म ‘द डिसायपल’ 2020 साली व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत गेली आणि पटकथेचं पारितोषिक घेऊन आली. तिच्याआधी तिथे भारतीय फिल्म होती ती 2001 साली, मीरा नायर यांची ‘मॉन्सून वेडिंग’. यातली न दिसणारी बाजू अशी की ‘कोर्ट’ निवडली तेव्हा आणि ‘डिसायपल’ निवडली तेव्हा व्हेनिसचे कलासंचालक तेच होते, अल्बेर्तो बार्बेरा. नातं इमारतीशी नसतं, माणसांशी असतं. संचालक किंवा निवड समिती बदलली की मागच्या खात्यावर काही जमा राहत नाही, हे लक्षात ठेवा. सत्यजित राय यांना बर्लिनने 1964 आणि 1965 साली सलग दोन वर्षं दिग्दर्शनाचं सिल्व्हर बेअर दिलं, 1973 साली गोल्डन बेअर दिलं. पण त्याआधीच ते 1956 साली कानला आणि 1957 साली व्हेनिसला गाजून आले होते. तेव्हा ‘आमचा फेस्टिव्हल’ असं काही मनात धरून बसू नका.

आणि ज्यांचं कुणीच ओळखीचं नाही त्यांचं काय? 2025 साली रोहन कानवडे यांची ‘साबर बोंडं’ अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला गेली. तिथे गेलेली ही पहिली मराठी फिल्म, आणि तिने जागतिक विभागातलं ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक घेतलं. त्याच वर्षी अनुपर्णा रॉय यांना मुंबईत घडणाऱ्या पहिल्याच फिल्मसाठी ओरिझोन्तीत दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. पहिल्या फिल्मच्या दिग्दर्शकाला दार बंद असतं हे खरं नाही. मात्र फिल्म पूर्ण व्हायच्या आत तिच्याबद्दल चार जाणत्या लोकांनी ऐकलेलं असेल तर ती लवकर आणि नीट पाहिली जाते. हे ‘ऐकलेलं असणं’ घडतं लॅबमध्ये, आणि तुम्ही नेमके त्या टप्प्यावर आहात.

गोव्यात नोव्हेंबरमध्ये इफ्फी या आंतरराष्ट्रीय फेस्टिव्हलच्या जोडीला एनएफडीसीचा, म्हणजे केंद्राच्या फिल्म विकास महामंडळाचा, फिल्म बाजार भरतो, 2007 पासून. 2025 पासून त्याचं नाव वेव्हज फिल्म बाजार झालंय. त्यातली वर्क-इन-प्रोग्रेस लॅब अगदी तुमच्यासाठी आहे: रफ कट झालाय, फिल्म संपलेली नाही. मोजक्याच फिल्म घेतात. बाहेरचे एडिटर, प्रोग्रामर, निर्माते बंद खोलीत कट बघतात आणि तोंडावर सांगतात. लॅबमध्ये निवड झाली नाही तरी व्ह्यूइंग रूममध्ये फिल्म ठेवता येते. तिथे प्रोग्रामर आणि सेल्स एजंट (फिल्मचे हक्क जगभर विकणारे) आपल्या सवडीने कॉम्प्युटरवर फिल्म बघतात. बाजारातलं हे दाखवणं प्रीमियर धरलं जात नाही. अर्ज पावसाळ्यातच बंद होतात, तेव्हा तारीख आजच बघा. माझं स्पष्ट मत: तीन लाखांतले तीस-चाळीस हजार गोव्याच्या नोंदणी-प्रवासावर आणि बाकीचे सबटायटल, आवाजाचा मिक्स आणि डीसीपीवर (थिएटरात चालणारी डिजिटल प्रत) घाला.

प्रीमियरचा मामला नीट समजून घ्या, कारण इथे चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही. जगातला पहिला जाहीर खेळ म्हणजे वर्ल्ड प्रीमियर. मूळ देशाबाहेरचा पहिला तो इंटरनॅशनल प्रीमियर. मग खंडातला, मग देशातला. व्हेनिसच्या स्पर्धेला आणि ओरिझोन्तीला वर्ल्ड प्रीमियर लागतो. कानची अट अशी की फिल्म दुसऱ्या कुठल्याही आंतरराष्ट्रीय फेस्टिव्हलमध्ये दाखवलेली नसावी, इंटरनेटवर नसावी, आणि रिलीज झालीच असेल तर फक्त मूळ देशात. लोकांना हे उलटं वाटतं, पण कागदावर दादरच्या थिएटरातल्या रिलीजपेक्षा मामीचा एक खेळ कानसाठी जास्त अडचणीचा ठरतो, कारण मामी आंतरराष्ट्रीय फेस्टिव्हल आहे. पुण्याचा पिफ, केरळचा, कोलकात्याचा, सगळ्यांना हेच लागू. युनिटसाठी प्रिव्ह्यू थिएटर घेऊन केलेला खासगी खेळ चालतो. तिकीट लावून, पोस्टर टाकून केलेला नाही. फिल्म सोसायटीतला खेळ मधल्या पट्टीतला आहे, तोही टाळा. यूट्यूबवर दोन तासांसाठी उघडी राहिलेली लिंकसुद्धा जाहीर प्रदर्शनात मोडू शकते. सेन्सॉरचं प्रमाणपत्र घेतल्याने प्रीमियरला धक्का लागत नाही. फक्त राष्ट्रीय पुरस्काराचं वर्ष त्या प्रमाणपत्राच्या तारखेवरून ठरतं, म्हणून डिसेंबरच्या शेवटी घाईत घेण्यापेक्षा कोणत्या वर्षात मोडायचंय ते ठरवून घ्या. बाहेरच्या फेस्टिव्हलला सेन्सॉर लागत नाही. भारतातल्या फेस्टिव्हलला केंद्राकडून सूट मिळवावी लागते, आणि ते काम फेस्टिव्हल स्वतः करतं.

योग्य क्रम कसा दिसतो याचं सरळ उदाहरण पुन्हा ‘कोर्ट’चंच आहे. सप्टेंबर 2014 ला व्हेनिस, ऑक्टोबरला मामी, आणि मामीतही आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्कृष्ट फिल्म. एप्रिल 2015 ला इथे रिलीज. बाहेरून घरी आली तर दोन्हीकडे मान मिळतो. घरून बाहेर निघाली तर पुष्कळ दारं आधीच लागलेली असतात. मामीला पाठवायचं ते बाहेरचा प्रीमियर ठरल्यावर, भारतातला पहिला खेळ म्हणून. त्या वर्षी मामी भरतोय का हे मात्र आधी बघा. 2025 साली भरला नव्हता.

वर्षाचं चक्र साधारण असं फिरतं. जानेवारीत सनडान्स आणि महिनाअखेरीला रॉटरडॅम, फेब्रुवारीत बर्लिन, मे महिन्यात कान, ऑगस्टमध्ये लोकार्नो, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर व्हेनिस, त्याला चिकटून टोरोंटो, मग बुसान. अर्जाची मुदत यांच्या दोन ते चार महिने आधी संपते: सनडान्स, रॉटरडॅम, बर्लिनसाठी पावसाळा ते दिवाळी, कानसाठी मार्चचा पहिला पंधरवडा, व्हेनिससाठी मे-जून. नेमकी तारीख दर वर्षीच्या नियमावलीत बघा. तुमचा पिक्चर लॉक (चित्राचा कट पक्का होणं) दिवाळीच्या आत होत असेल तर रॉटरडॅम आणि बर्लिन, फेब्रुवारीपर्यंत होत असेल तर कान, असा हिशेब. एकाच वेळी चार ठिकाणी अर्ज करायला कुणाचीच हरकत नसते. हरकत असते ती दोघांना हो म्हणायला.

इथे एक अवघड प्रसंग बहुतेकांवर येतो. डिसेंबरात रॉटरडॅमचं बोलावणं आलं, आणि कानचं उत्तर एप्रिलमध्ये. काय करायचं? बोलावणं स्पर्धेचं असेल तर घ्या. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका, विशेषतः पहिल्या फिल्मला. 2017 साली सनल कुमार शशिधरन आणि 2021 साली पी. एस. विनोदराज या दोन भारतीय दिग्दर्शकांना रॉटरडॅमच्या टायगर स्पर्धेने जगभर फिरवलं. बोलावणं स्पर्धेबाहेरच्या मोठ्या, शंभर फिल्मच्या विभागाचं असेल तर मात्र विचाराला आठवडा मागा. दुसरीकडच्या प्रोग्रामरला तसं नम्रपणे कळवा की आमच्याकडे बोलावणं आलंय, तुमचं बघणं कुठवर आलंय? हा मेल चालतो, लोक वाईट मानत नाहीत. खोटं बोलावणं सांगून घाई करणं मात्र कधीच करू नका. हे सगळे प्रोग्रामर एकमेकांशी बोलतात.

इथवरचा गोषवारा: सेक्शन ठरवा, बाजाराचा अर्ज करा, इथे कुठेही जाहीर खेळ करू नका, आणि कट संपेपर्यंत अर्जाची घाई करू नका. आता फिल्म पाठवायच्या कामाकडे येऊ. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

बहुतेक फेस्टिव्हल फिल्म एकदाच बघतात. नकार दिल्यावर ‘नवा कट बघा’ म्हटलं तर क्वचितच बघतात. अपुरी फिल्म पाठवता येते, पण काय अपुरं चालतं ते ठरलेलं आहे. रंगकाम बाकी, शेवटचा मिक्स बाकी, एखादा व्हीएफएक्सचा शॉट बाकी, चालेल. सुरुवातीला काळ्या पाटीवर तीन ओळींत ते लिहा. कथेचा कट आणि सबटायटल अपुरे असतील तर पाठवू नका. संवाद ऐकू येणारा साधा स्टिरिओ मिक्स हवाच. बघणारा लॅपटॉप आणि हेडफोनवर बघतोय, तिथे फाइव्ह-पॉइंट-वनच्या (थिएटरसाठीच्या सहा चॅनेलच्या आवाजाच्या) फाइलमधला मधला चॅनेल दबला तर सगळं बोलणं मागे जातं. लिंक पासवर्डची ठेवा, मुदत लावू नका, पासवर्ड मध्येच बदलू नका, एकदा दिलेली फाइल गुपचूप बदलू नका. प्रत्येक फेस्टिव्हलला वेगळी लिंक दिली तर कुणी कितपत पाहिलं हे कळतं. पण त्या आकड्यांवरून झोप उडवून घेऊ नका: अर्जाची पहिली चाळण बाहेरचे वाचक करतात, आणि एकच माणूस दोनदा थांबून बघतो.

सबटायटलवर पैसे वाचवू नका. तुमच्या फिल्ममध्ये चाळीच्या गॅलरीतले प्रसंग असणार. तिघे एकदम बोलतात, आतून टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येतात, खालून भाजीवाला ओरडतो. सगळं उतरवलं तर वाचणारा चेहरे बघूच शकत नाही. कथेला लागणारा एकच आवाज निवडा. एका वेळी दोन ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरं, पडद्यावर किमान एक सेकंद आणि सहा सेकंदांच्या वर नाही. दुकानाची पाटी, नोटीस, व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज कथेत काम करत असेल तर त्याचंही सबटायटल हवं. हे हमखास राहून जातं. 98 मिनिटांत हजाराच्या आसपास सबटायटल होतात. ते दिग्दर्शकाने स्वतः करू नयेत. तुम्हाला प्रत्येक संवाद पाठ आहे, त्यामुळे काय कळत नाही ते तुम्हाला दिसत नाही. मराठी अजिबात न येणाऱ्या एका माणसाला आवाज बंद करून फिल्म दाखवा आणि कुठे तो अडखळतो ते लिहून घ्या.

आणि एक अगदी नेहमी होणारी गोष्ट. सबटायटलची फाइल बनते, मग निर्माता म्हणतो माझा लोगो सुरुवातीला घाला. आठ सेकंदांचा लोगो आला की पुढचं प्रत्येक सबटायटल आठ सेकंद लवकर येतं. लोगो, आभाराच्या पाट्या, तंबाखूचा इशारा, सगळं ठरल्यावरच टायमिंग करा. तंबाखूच्या इशाऱ्याच्या पट्ट्या बाहेरच्या प्रतीत लागत नाहीत, म्हणून दोन वेगळ्या मास्टर ठेवा आणि फाइलच्या नावातच तसं लिहा.

अर्जासोबत किंवा प्रोग्रामरला जाणारं पत्र छोटं असू द्या. मजकूर साधारण असा: ‘ही माझी पहिली लांबीची फिल्म. भाषा मराठी, 98 मिनिटं. परळमधल्या बंद गिरणीच्या चाळीत राहणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट. पिक्चर लॉक झाला आहे, मिक्स आणि रंगकाम जानेवारीअखेर पूर्ण होईल. कुठेही दाखवलेली नाही. तुमच्या अमुक सेक्शनमध्ये मी अमुक फिल्म पाहिली, त्यामुळे हा सेक्शन योग्य वाटला. लिंक आणि पासवर्ड खाली.’ गोष्ट अर्थात तुमची घाला. बस. फिल्म किती महत्त्वाची आहे, आईने किती रडून पाहिली, बजेट किती कमी होतं, हे लिहू नका. दोन आठवड्यांनी एक आठवण चालते, दर चार दिवसांनी नाही. प्रोग्रामरचा पत्ता शोधून फोन करणं तर अजिबात नाही. शॉर्ट फिल्म आधी कुठे दाखवली गेली असेल तर त्या ठिकाणच्या प्रोग्रामरला आधी लिहा. तुमची तीच खरी ओळख आहे, आणि बरेच जण ती वापरायचीच विसरतात.

तुमच्या शॉर्टला मिळालेल्या अकरा लॉरेलबद्दल (निवड किंवा पारितोषिक दाखवणारी पोस्टरवरची पानांची खूण) तुम्ही लिहिलंय. नावं पाहिल्याशिवाय काही म्हणता येत नाही, पण तपासायची खूण सोपी आहे. दर महिन्याला पारितोषिकं, पन्नास-साठ प्रकार, थिएटरचा पत्ता नाही, छापील वेळापत्रक नाही, ट्रॉफी हवी तर वेगळे पैसे: असं असेल तर ते लॉरेल पोस्टरवरून काढून टाका. मोठ्या सेक्शनचा प्रोग्रामर अशी अकरा पानं बघतो तेव्हा त्याला दिग्दर्शकाची अडचण कळते, फिल्मची किंमत नाही. पोस्टर मोकळं असलेलं बरं.

डीसीपीचं बघू. तुम्ही सेकंदाला 25 फ्रेमवर शूट केलंय असं लिहिलंय. टीव्ही आणि जाहिरातीच्या सवयीने इथे हे खूप होतं. थिएटरचा सगळीकडे चालणारा वेग 24 आहे. प्रत्येक फ्रेम तशीच ठेवून 25 ची फिल्म 24 वर आणली की ती सुमारे चार टक्के हळू होते: 98 मिनिटांची 102 मिनिटं होतात, आणि आवाज सुधारला नाही तर प्रत्येक पात्र जरा खालच्या सुरात बोलतं, गाणं उतरतं. फ्रेम गाळून वेग राखायला गेलात तर कॅमेरा वळताना चित्र झटके खातं. म्हणून मिक्सच्या आधीच साउंडवाल्यांना आणि एडिटरला एकत्र बसवा, 24 वर आणलेल्या चित्रावरच मिक्स करा, पिच तिथेच दुरुस्त करून घ्या. 25 ची डीसीपी बनते आणि बऱ्याच प्रोजेक्टरवर चालतेही, पण ती देण्याआधी फेस्टिव्हलच्या तांत्रिक विभागाला विचारा. बाकी 2के, फाइव्ह-पॉइंट-वन, शक्यतो कुलूप न लावलेली प्रत. 98 मिनिटांना 100 ते 180 जीबी. कान असेल तर फ्रेंच सबटायटलचा खर्च वेगळा धरा, तो निर्मात्याच्या बाजूने असतो. पाठवण्याआधी अंधेरीतल्या एखाद्या प्रिव्ह्यू थिएटरात पूर्ण फिल्म एकदा चालवून बघा. पूर्ण, पहिली दहा मिनिटं नव्हे. पाचव्या रीळातला आवाज तिथेच सरकलेला सापडतो.

हक्कांचं एकच सांगतो. तुमच्या टॅक्सीच्या प्रसंगात रेडिओवर जुनं हिंदी गाणं वाजतं. त्याचे दोन हक्क लागतात, रेकॉर्डिंगचा आणि रचनेचा. फक्त फेस्टिव्हलपुरता परवाना स्वस्त पडतो, पण सेल्स एजंट आला की तो सगळ्या जगाचे, सगळ्या माध्यमांचे हक्क मागतो, आणि तेव्हा कंपनी म्हणेल ती किंमत. आत्ताच भाव विचारा. परवडत नसेल तर तुमच्या संगीतकाराकडून त्या काळच्या ढंगाचं गाणं करून घ्या.

सेल्स एजंट तुम्हाला निवडीनंतरच भेटेल, किंवा बाजारात. कमिशन साधारण 20 ते 30 टक्के असतं. त्याहून जास्त लक्ष खर्चाच्या कलमावर ठेवा: पोस्टर, प्रवास, जाहिरात हे सगळं आधी वजा होतं, म्हणून त्याला वरची मर्यादा घालून घ्या. भारताचे हक्क शक्यतो स्वतःकडे ठेवा. मामांचे पैसे परत येण्याचा खरा रस्ता तोच आहे.

बोलावण्याचा मेल आला की हो म्हणण्याआधी पाच गोष्टी लेखी विचारा: नेमका सेक्शन कोणता, प्रीमियरची अट काय, दिग्दर्शकाला किती रात्रींची राहण्याची सोय आणि विमानभाडं मिळतं का, डीसीपी कधीपर्यंत हवी, सबटायटल कोणत्या भाषेत आणि कुणाच्या खर्चाने. त्याच दिवशी व्हिसाची वेळ शोधायला लागा. शेंगेन व्हिसा सहा महिने आधीपर्यंत मागता येतो, पण बोलावणं उशिरा येतं आणि मुंबईतल्या वेळा भरलेल्या असतात. आणि फेस्टिव्हल स्वतः यादी जाहीर करेपर्यंत बातमी तुम्ही, एडिटर आणि मामा यांच्या पलीकडे जाऊ देऊ नका. युनिटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली गोष्ट संध्याकाळी पेपरवाल्याच्या फोनवर असते, आणि जाहीर होण्याआधी फुटलेल्या बातमीबद्दल फेस्टिव्हलचं प्रेस ऑफिस तुम्हालाच जाब विचारतं. ग्रुपला जाहीर झाल्याच्या दिवशी सांगा.